घरातला वायफाय राउटर: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव आणि आसपासच्या गावांत नेटची, कॅमेऱ्यांची कामं करताना लोक जे परत परत विचारतात ते इथं उत्तरासकट लिहिलंय. बरेच प्रश्न फोनवर आलेले आहेत म्हणून भाषा पण फोनवरचीच. कनेक्शन बीएसएनएलचं असू दे, जिओचं, एअरटेलचं, नाहीतर गल्लीतल्या केबलवाल्याचं, डब्याच्या आतली भानगड सगळीकडं सारखीच असते, नावं आणि लाईटी तेवढ्या पुढंमागं.

फिटिंगवाला दोन डबे लावून गेला, यातला राउटर कुठला?

हिरव्या नाहीतर निळ्या टोकाची बारीक वायर ज्याच्यात जाते तो ओएनटी. कोण त्याला ओएनयू म्हणतंय, कोण मोडेम. ती बारीक वायर म्हणजे फायबर, आत काचेची तार, तिच्यातनं उजेड येतोय आणि ओएनटी त्या उजेडाचं नेट करतोय. तिथनं एक जाड लॅन वायर अँटेनावाल्या डब्याला जाते, तो राउटर. हल्ली बहुतेक ठिकाणी दोन्ही एकाच डब्यात येतंय, मग दुसरा डबा शोधत बसू नका.

फायबरच्या बाबतीत दोनच गोष्टी. ती खिळ्याला गुंडाळून नाहीतर दाराच्या फटीतनं चेपून नेऊ नका, कडक वळण आलं की उजेड तिथंच गळतो. आणि टोक उपसून आत डोळा लावून बघू नका, त्यातला उजेड दिसत नाही पण असतोय. उगीच उपसू तर नकाच, टोकावर धूळ बसली तरी सिग्नल पडतोय आणि ते पुसायला वेगळं सामान लागतंय, बनियनच्या फडक्यानं होत नाही.

राउटर कुठं ठेवायचा? पुढच्या खोलीत नेट जोरात आणि स्वयंपाकघरात काहीच नाही.

हा प्रश्न शहापूर, वडगाव, अनगोळकडनं सगळ्यात जास्त येतोय, आणि कारण घराच्या बांधणीतच आहे. जुनी घरं अरुंद आणि लांबलचक, पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागं परसू, आणि मधल्या भिंती मातीच्या नाहीतर दगडाच्या हात-दीड हात जाड. फिटिंगवाला वायर रस्त्याकडनं आणतोय, त्याला काम लवकर संपवायचं असतंय, म्हणून राउटर पुढच्या खोलीत टीव्हीच्या मागं. त्यात घरच्यांना वाटतंय डबा दिसायला नको, मग तो जातो भिंतीतल्या देवळीत. मापाला बरोबर बसतोय, दिसायला पण छान. पण देवळी म्हणजे तीन बाजूंनी जाड भिंत, अँटेनाचं तोंडच दाबल्यासारखं.

राउटर शक्यतो घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर पाहिजे. लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा, पाण्याचं पिंप, माशांची टाकी यांच्यापासनं लांब. लोखंड सिग्नल परतवतंय आणि पाणी गिळतंय. मायक्रोवेव्हच्या शेजारी तर नकोच, तो चालू झाला की २.४ गिगाहर्ट्झवरचं सगळं अडखळतंय. फिटिंगवाला आला असतानाच त्याला सांगा की वायर माजघरापर्यंत आण, दहा-पंधरा मीटर जास्त गेली तरी तिथं पैसे घालवा. नंतर एक्स्टेंडर घेत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतंय.

माडीवर पाहिजे असेल आणि मधे स्लॅब असेल तर एक अँटेना उभी आणि एक आडवी करून बघा, उभ्या अँटेनाचा सिग्नल बाजूला जास्त पसरतोय, वर-खाली कमी.

मग एक्स्टेंडर घेऊ काय? दुकानदार बाराशेचा दाखवलाय.

प्लगमधे लावायचा स्वस्तातला एक्स्टेंडर राउटरकडनं वायफायवरच नेट घेतोय आणि वायफायवरच पुढं देतोय, म्हणून स्पीड साधारण निम्म्यावर येतंय. ज्या कोपऱ्यात मुळातच सिग्नल नाही तिथं तो लावला तर मरतुकडं नेट पुढं ढकलण्यापलीकडं काही करत नाही. लावायचाच तर अर्ध्या वाटेवर लावा.

माझं मत विचाराल तर एक लॅन वायर मागच्या खोलीपर्यंत ओढा आणि तिथं घरात पडलेला जुना राउटर लावा. कॅट ५ई नाहीतर कॅट ६ वायर, शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते. जुन्या राउटरमधे डीएचसीपी (मोबाईल-टीव्हीला नेटवरचा पत्ता वाटायचं काम) बंद करायचं, त्याचा स्वतःचा आकड्यांचा पत्ता मेन राउटरपेक्षा वेगळा ठेवायचा, आणि वायर वॅनच्या (बाहेरनं नेट आत येतंय त्या) भोकात न लावता लॅनच्या भोकात लावायची. नाव आणि पासवर्ड मेन राउटरचाच ठेवला की मोबाईल आपोआप इकडनं तिकडं जातोय. दोन-तीन मजल्याचं घर असेल आणि पैसे असतील तर मेश (एकमेकांशी जोडून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे) घ्या, पण त्याच्या डब्यांना पण मधनं वायर दिली तरच खरी मजा आहे.

मोबाईलमधे घरची दोन नावं दिसतात, एकाच्या पुढं ५जी. ते मोबाईलचं ५जी काय?

नाही. ते ५ गिगाहर्ट्झ, मोबाईल टॉवरच्या फाईव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही. २.४ लांब जातंय, भिंत पण बऱ्यापैकी ओलांडतंय पण स्पीड कमी आणि गर्दी जास्त, कारण शेजारपाजारचे सगळे त्याच्यावरच. ५ जोरात पळतंय पण एक जाड भिंत आली की संपलं. राउटर आहे त्या खोलीत टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर टाका, परसातला कॅमेरा नि मागच्या खोलीतला मोबाईल २.४ वर. वायफायचे बल्ब, प्लग, स्वस्तातले कॅमेरे बहुतेक २.४ वरच चालतात, ते ५ वर जोडत बसून लोक तास घालवतात.

टिळकवाडी, कॅम्पमधल्या अपार्टमेंटात २.४ वर चॅनल हातानं ठरवलं तर फरक पडतोय. १, ६ नाहीतर ११ यातलंच एक घ्या, हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

राउटरच्या आत कसं जायचं?

वायफायला जोडा, मोबाईल डेटा बंद करा, ब्राउझरमधे वर जिथं साईटचं नाव टाकतो तिथं राउटरचा पत्ता टाका. बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ नाहीतर १९२.१६८.०.१ असतोय, डब्याखालच्या स्टिकरवर छापलेला असतोय. आकडे इंग्रजी कीबोर्डवरनं टाका, मराठी आकडे त्याला कळत नाहीत. मोबाईल डेटा बंद करा हे परत सांगतो कारण तिथंच निम्मे लोक अडकतात, वायफायवर नेट नाही असं दिसलं की मोबाईल गुपचूप सिमवर जातोय आणि मग ते पान काय उघडत नाही. 'साईट सुरक्षित नाही' असा इशारा आला तर या एका पानापुरता घाबरू नका, पत्ता बरोबर टाकलाय तेवढं बघा.

युजरनेम, पासवर्ड स्टिकरवर. कंपनीनं दिलेल्या डब्यात काही गोष्टी लॉक असतात, वायफायचं नाव-पासवर्ड तेवढं बदलता येतंय, बाकीचं कंपनी लांबनं बघते. काहींचं सगळं त्यांच्या ॲपमधनंच होतंय. तसं असेल तर ॲपमधनं करा, बिघडत काही नाही.

कुठले कुठले पासवर्ड बदलायचे? फिटिंगवाल्यानं घातलेला चालू आहे की.

चालू आहे म्हणूनच बदला. या परिसरात फिटिंगवाले घालतात ते पासवर्ड मला न विचारता सांगता येतील: घरमालकाचं नाव आणि १२३, मोबाईल नंबर, नाहीतर एक ते आठ आकडे ओळीनं. गल्लीत दहा घरांना एकाच माणसानं फिटिंग केलं असेल तर दहा घरांचं कुलूप एकच, आणि त्या माणसाच्या मोबाईलमधे सगळी वायफाय सेव्ह. तो माणूस वाईट असतो असं नाही हो, पण तो मोबाईल उद्या कुणाच्या हातात जाईल ते त्याला तरी कुठं माहीत असतंय.

पासवर्ड एक नाही, तीन असतात, आणि सगळा घोळ इथंच होतोय. एक वायफायचा, जो पाहुण्यांना सांगतो. दुसरा राउटरच्या आत जायचा ॲडमिनचा. तिसरा कंपनीनं दिलेला पीपीपीओईचा, ज्याच्यावर नेट चालू होतंय. पहिला फाटकाची किल्ली समजा आणि दुसरा तिजोरीची. लोक फाटकाची बदलतात आणि तिजोरी ॲडमिन-ॲडमिन वर तशीच उघडी. वायफायला जोडलेला कोणीही मग आत जाऊन पासवर्ड बघू शकतोय, डीएनएस (साईटचं नाव टाकल्यावर कुठं जायचं ते सांगणारी सोय) बदलून तुमच्या बँकेच्या साईटच्या जागी भलतंच पान दाखवू शकतोय.

२०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसनं जगभर लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारे डबे) आणि राउटर ताब्यात घेतले होते, आणि त्याच्याकडं काय जादू नव्हती, कंपनीकडनं येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती. तेवढ्यावर भागलं.

वायफायचा पासवर्ड कमीत कमी आठ अक्षरांचा लागतोच, तुम्ही चौदा-पंधरा ठेवा. आपले तीन-चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून मधे आकडे घाला, आजीला पण सांगता येईल आणि बाहेरच्याला सुचणार नाही. गावाचं नाव, आडनाव, पोराचं नाव, गाडीचा नंबर नको. तिसरा पासवर्ड बदलायचा नाही, पण तो कंपनीकडनं विचारून तिन्ही एका कागदावर लिहून लाईट बिलांच्या फाईलमधे ठेवा. डब्यावर चिकटवू नका.

वायफायचं नाव लपवलं तर जास्त सेफ काय?

नाही. ज्याला शोधायचंय त्याला लपवलेलं नाव पण सापडतंय, आणि घरच्यांना जोडताना ताप. नावात आडनाव, घर नंबर नको एवढंच बघा.

डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३, डब्ल्यूपीएस, यातलं काय ठेवू?

डब्ल्यूपीए म्हणजे वायफायच्या कुलपाचे प्रकार. सगळे मोबाईल नवीन असतील तर डब्ल्यूपीए३. एखादं जुनं काही जोडायचं असेल तर डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालणारा पर्याय असतोय तो घ्या. डब्ल्यूईपी हे जुनं कुलूप दिसलं तर तो राउटर भंगारात घाला, ते २००१ सालापासनंच फुटलेलं आहे. ओपन, म्हणजे बिनपासवर्डचं, तर कधीच ठेवायचं नाही.

डब्ल्यूपीएस म्हणजे बटन दाबून जोडायची सोय, आणि तिच्याबरोबर एक आठ आकडी पिन असते. आठ आकडी म्हणजे दहा कोटी शक्यता असं वाटतंय ना, पण राउटर ती पिन दोन तुकड्यांत तपासतोय आणि शेवटचा आकडा आधीच्यांवरनं ठरतोय, म्हणून खऱ्यात अकरा हजार वेळा प्रयत्न केला की पिन सापडते. हे २०११ सालीच उघड झालंय. आत जाऊन डब्ल्यूपीएस बंद करा. तसंच लांबनं राउटर उघडायची सोय, रिमोट मॅनेजमेंट, ती चालू असेल तर बंद, आणि यूपीएनपी (ॲपनं न विचारता राउटरमधे बाहेरची वाट उघडायची सोय) गेमवाल्या पोरांनी आरडाओरडा केला नाही तर तेही बंद.

शेजाऱ्यांना पासवर्ड दिला तर काय बिघडतंय? एवढं काय माणुसकी सोडायची.

माणुसकी ठेवा, पासवर्ड पण स्वतःजवळ ठेवा. गेस्ट नेटवर्क नावाची सोय बहुतेक राउटरमधे असते, ती चालू करून त्याचा वेगळा पासवर्ड द्या. गेस्टवर आलेल्याला नेट मिळतंय पण तुमचा लॅपटॉप, कॅमेरा, राउटरचं पान दिसत नाही. बिनसलं तर तेवढं बंद करायचं, घरातल्या आठ मोबाईलचा पासवर्ड बदलत बसायला नको.

प्रश्न फुकट नेटचा नाहीच. तुमच्या कनेक्शनवरनं कोण काय करेल त्याचा पत्ता तुमच्या घराचा निघतोय. २००८ च्या जुलैमधे अहमदाबादचे स्फोट झाले त्याच्या अगदी थोडं आधी एक धमकीचा ईमेल गेला होता, आणि माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईतल्या एका फ्लॅटमधे, जिथल्या माणसाचं वायफाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. आपल्याकडं एवढं मोठं काय होणार नाही म्हणा, पण खोट्या अकाउंटवरनं कुणाला घाण मेसेज गेला तरी जबाब द्यायला तुम्हीच जाणार.

खोल्या भाड्यानं देणाऱ्यांनी तर हे वाचाच. व्हीटीयू (इंजिनिअरिंगचं विद्यापीठ) आणि बाकीच्या कॉलेजांमुळं बेळगावात पीजी भरपूर झालेत, दर वर्षी पोरं बदलतात आणि पासवर्ड तोच. पोरांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क आणि जूनमधे नवा पासवर्ड, एवढं नियमानं करा.

आमचं नेट कोण चोरून वापरतंय काय, कसं कळणार?

राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, ती उघडा. घरातले मोबाईल, टीव्ही, कॅमेरे मोजा. अनोळखी नाव दिसलं की लगेच शेजाऱ्याच्या दारात जाऊ नका, हल्लीचे मोबाईल स्वतःचा खरा मॅक पत्ता (वायफायवरची ओळख) लपवून वेगळाच दाखवतात, तुमच्याच सुनेचा फोन तिथं परका दिसू शकतोय. संशय असेल तर वायफायचा पासवर्ड बदला, सगळे बाहेर पडतील, मग एकेक करून जोडा.

पावसाळ्यात दर दोन दिवसांनी नेट जातंय, लाल लाईट लागते.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर हे चालायचंच, वायर झाडांतनं जाते, फांदी पडली की संपलं. निपाणी-चिकोडीकडं पावसाळा संपला की ऊसाचा हंगाम, उंच भरलेल्या ट्रॉलीला खाली लोंबणारी वायर अडकली की ती घेऊनच ट्रॉली कारखान्यावर. बेळगावात गणपतीत मोठ्या मूर्तींसाठी वायरी उचलतात, कापतात. वर माकडं आणि उंदीर बारमाही.

आपल्या हातात काय आहे ते सांगतो. एलओएस लिहिलेली लाईट लाल झाली म्हणजे डब्यापर्यंत उजेडच पोचत नाही, राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही, वायर बाहेर तुटलीय नाहीतर टोक सुटलंय. फायबरचं टोक डब्यात नीट बसलंय एवढं बघा आणि सरळ कंप्लेंट टाका. लाल लाईट नाही पण पीओएन लिहिलेली लाईट सारखी उघडझाप करत असेल तर उजेड कमी येतोय, नाहीतर तिकडनं डबा ओळखला जात नाही. दोन्ही ठीक असून नेट नसेल तर बिल थकलंय काय बघा, मग पाच मिनिटं बंद करून चालू करा.

नेट जात-येत असेल आणि पान उघडता येत असेल तर आत आरएक्स पॉवर नावाचा आकडा असतोय, येणाऱ्या उजेडाची ताकद. उणे १५ ते उणे २५ मधे असेल तर वायर चांगली. उणे २७ च्या खाली गेला की नेट कधी जाईल सांगता येत नाही. हा आकडा कंप्लेंट देताना सांगितला की माणूस राउटर रिस्टार्ट करा म्हणत बसत नाही, वायरवालाच पाठवतोय.

कस्टमर केअरला मराठी मिळेलच असं नाही, आणि लाईनवर येणारा माणूस कन्नड बोलणारा असेल तर 'नेट इल्ल री, केंप लैट ऐति' एवढं सांगितलं तरी काम भागतंय. कंप्लेंटचा नंबर लिहून घ्या. फोन ठेवायच्या आधी घ्या.

वीज कडाडायला लागली की राउटर काढायचा काय?

होय, काढा. एप्रिल-मे मधला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, या दोन वेळी डबे जास्त जळतात, आषाढातल्या संततधारेत एवढे नाहीत. फायबर काचेची आहे, तिच्यातनं करंट येत नाही, पण लाईटच्या प्लगमधनं येतोय. म्हणून ॲडॅप्टर प्लगमधनं उपसायचा, नुसतं बटन बंद करून भागत नाही. काही फायबरला ताण धरायला बाजूनं लोखंडी तार असते, ती घराच्या बाहेरच तोडून थांबवायला सांगा, आत आणू नका.

खरा धोका गच्चीवरनं लॅन वायर आणलेल्या कनेक्शनला. काही केबलवाले अजून एका गच्चीवरनं दुसऱ्या गच्चीवर तांब्याची लॅन वायर टाकतात, लांब कुठंतरी वीज पडली तरी त्या वायरमधनं झटका येतोय आणि राउटर, त्याला जोडलेला टीव्ही, कॉम्प्युटर ओळीनं जातात. तसं कनेक्शन असेल तर ढग जमले की आधी ती वायर उपसा, मग प्लग. आणि कडकडाट सुरू असताना हात लावायला जाऊ नका, राउटर दीड-दोन हजारात परत मिळतोय.

लाईट गेली की नेट जातंय. इन्व्हर्टर नाही, काय करू?

मिनी यूपीएस मिळतोय, हाताएवढा डबा, आत बॅटरी, राउटरला काही तास चालवतोय. घ्यायच्या आधी ॲडॅप्टरवर बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचा. १२ व्होल्टचा डबा असेल तर १२ व्होल्टचाच यूपीएस, ९ चा असेल तर ९ चा. अँपिअर मूळ ॲडॅप्टरएवढे नाहीतर जास्त असले तरी चालतात, कमी चालत नाहीत. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोघांना पाहिजे, एकालाच लावून नेट का येत नाही असं विचारणारे फोन येतात.

यूपीएस लावून पण नेट चालेल काय हे कनेक्शनवर आहे. फायबरच्या वाटेत खांबांवर जे स्प्लिटर (एका फायबरचे अनेक फाटे करणारे) असतात त्यांना वीजच लागत नाही, म्हणून कंपनीच्या मेन जागी बॅकअप असेल तर वीज कंपनीनं, म्हणजे हेस्कॉमनं, अख्ख्या गावाची लाईट घालवली तरी तुमचं नेट चालू राहतंय. लॅन वायरवाल्यांचे स्विच गच्च्यांवर नाहीतर खांबावरच्या पेटीत असतात, त्यांना वीज लागतेच, तिथली गेली की तुमचा यूपीएस शोभेचा. घरनं पुण्या-बेंगळूरच्या कंपनीचं काम करणाऱ्यांनी कनेक्शन घेतानाच हे विचारून घ्यावं.

उद्यमबाग, मच्छेच्या बाजूला कारखान्यांमुळं व्होल्टेज वर-खाली होतंय, तिथं चांगल्या कंपनीचा सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा झटका अडवणारा) लावा, आणि अर्थिंग बघून घ्या, अर्थिंग नसेल तर सर्ज प्रोटेक्टर पूर्ण काम करत नाही.

रात्री राउटर बंद करायचा काय? बिल आणि रेडिएशन...

बिलाचं सांगतो. राउटर साधारण १० वॅट घेतोय, चोवीस तास महिनाभर चालला तर ७ युनिटच्या आसपास. गृहज्योतीच्या (सरकारच्या फुकट विजेच्या योजनेच्या) हिशेबात काठावर असाल तर ते ७ युनिट मोजा, नाहीतर सोडून द्या. रेडिएशनचं, वायफायच्या लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात, शरीरातल्या पेशी तोडण्याएवढी ताकद त्यांच्यात नाही, आणि दोन मीटरवर ठेवलेल्या राउटरपेक्षा कानाला लावलेला मोबाईल जास्त जवळ असतोय. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं २०११ साली अशा लहरींना २बी गटात टाकलंय, म्हणजे पुरावा तोकडा, शंका पूर्ण मिटलेली नाही. मनाला लागत असेल तर झोपायच्या खोलीत ठेवू नका. कॅमेरे असतील तर मात्र रात्री बंद करू नका, चोर दुपारी येत नाहीत.

मागचं बारीक बटन टाचणीनं दाबलं आणि तेव्हापासनं नेटच नाही!

हे बंद-चालू करायचं बटन नव्हे हो, रिसेटचं आहे. दहा सेकंद दाबलं की डबा कोरा होतोय, वायफायचं नाव-पासवर्ड स्टिकरवरचं परत येतंय आणि पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड पुसला जातोय. तो कागद फाईलमधे असेल तर आत जाऊन वॅनच्या पानावर परत भरा, पाच मिनिटांचं काम. नसेल तर कंपनीला फोन, आणि शनिवार संध्याकाळी दाबलं असेल तर सोमवारपर्यंत मोबाईल डेटावर. काही ओएनटीमधे त्याच्याशिवाय व्हीलॅनचा (कंपनीच्या सेटिंगमधला एक) नंबर पण लागतोय, म्हणून चालू असतानाच त्या पानाचा फोटो काढून ठेवा. यूट्यूबवर बघून स्पीड वाढवायला रिसेट करणाऱ्यांना काय म्हणायचं.

शंभरचा प्लॅन आहे, मोबाईलवर तीस-चाळीसच दाखवतंय. फसवलं काय?

आधी ५ गिगाहर्ट्झवर, राउटरच्या समोर उभं राहून बघा, त्याहून खरं बघायचं तर लॅपटॉपला वायर लावून. २.४ वर तीस-चाळीस म्हणजे काही कमी नाही. आणि डाउनलोड करताना दिसणारा आकडा मेगाबाईटमधे असतोय, प्लॅन मेगाबिटमधे. शंभर मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाईट, तेवढं येत असेल तर पूर्ण येतंय.

दोनशेचा प्लॅन आणि वायरवर काही केलं तरी ९४-९५ च्या वर जात नसेल तर कंपनीशी भांडू नका, वायर बदला. लॅन वायरमधे आठ तारा असतात, शंभरला चारच पुरतात, त्याच्या वर जायला आठही लागतात. एक तार क्लिपमधे नीट बसली नाही की गाडी शंभरावर अडकते. राउटरचं भोकच शंभरचं असेल तर मात्र राउटर बदलायला लागणार.

कॅमेऱ्याचा डीव्हीआर राउटरला जोडलाय, मोबाईलवर दिसतंय. त्यात काय धोका?

डीव्हीआरचा पासवर्ड कॅमेरेवाल्यानं घातलेलाच असेल तर दुसऱ्याच्या मोबाईलवर पण दिसू शकतंय, हा धोका. तो बदला. कॅमेरेवाल्यानं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरनं थेट डीव्हीआरपर्यंत यायची वाट, केलं असेल तर कंपनीच्या ॲपनं बघायची सोय आहे काय विचारा, असेल तर उघडी पोर्टं बंद करा, उघड्या पोर्टावर दिवसभर कुठनं कुठनं मशीनं येऊन पासवर्ड लावून बघत असतात. कॅमेरे गेस्ट नेटवर्कवर ठेवता आले तर उत्तम. बेडरूममधे कॅमेरा नको हे सांगायला लागू नये, पण लागतंय.

अपडेट करायलाच पाहिजे काय? सगळं चालू आहे.

करा. २०१८ साली व्हीपीएनफिल्टर नावाच्या व्हायरसनं ५४ देशांतले पाचेक लाख राउटर धरले, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयनं लोकांना राउटर बंद-चालू करा म्हणून सांगितलं होतं. अशी भोकं बुजवायला अपडेट. राउटरच्या पानावर ऑटो अपडेट असेल तर चालू करून ठेवा, नसेल तर कधीमधी बघा. अपडेट चालू असताना लाईट गेली तर डबा मरू शकतोय म्हणून इन्व्हर्टरवर असताना करा. कंपनीनं अपडेट द्यायचं बंद केलेला जुना राउटर नवीन असल्यासारखा चालत असला तरी बदला. घरातल्या एखाद्या मशीनमधे व्हायरस शिरलाय असं वाटलं तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साईटवर तपासायची साधनं फुकट आहेत.

पोरं रात्री दोनपर्यंत मोबाईलवर. राउटरमधनं काही करता येतंय काय?

पेरेंटल कंट्रोलमधे त्या मोबाईलचं नेट ठराविक वेळी बंद करता येतंय. डीएनएस १.१.१.३ घातला की व्हायरसवाल्या आणि अश्लील साईटी बऱ्याचशा अडतात, तोही फुकट आहे. पण पोराच्या सिममधे रोजचा दीड जीबी असेल तर राउटर काय करणार, तो विषय घरात बसून बोलायचा आहे.

'तुमचं ब्रॉडबँड आज बंद होणार, केवायसी करा' असा फोन आलाय.

ठेवून द्या. कुठलीही कंपनी स्क्रीन दाखवायचं ॲप टाकायला सांगत नाही, फोनवर ओटीपी मागत नाही, पाच रुपये भरून बघा म्हणत नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर लगेच फोन करा, पहिल्या तासाभरात केला तर पैसे अडवायची शक्यता जास्त. नुसताच असला फोन आला असेल तर सरकारच्या संचार साथी साईटवर चक्षू नावाच्या सोयीमधे त्याची तक्रार टाकता येते. कुणाला राउटर नीट करायला घरी पाठवतो म्हणाले तर तुमच्या कंप्लेंटचा नंबर त्याला विचारा, खरा माणूस असेल तर त्याच्याकडं असतोय.

कंपनी बदलतोय, जुना डबा परत मागतायत. तसाच देऊ?

देण्याआधी ते टाचणीचं बटन दाबा, इथं त्याचा खरा उपयोग. तुमचं वायफायचं नाव, पासवर्ड, जोडलेल्या मोबाईलांची नावं सगळं पुसलं जातंय. नवीन राउटरला तोच जुना पासवर्ड देऊ नका. डबा, ॲडॅप्टर, दोन्ही परत करताना डब्यावरच्या सिरियल नंबरचा फोटो काढा आणि मिळाल्याची पोच घ्या, नेलेल्या माणसाच्या सहीची नाहीतर कंपनीच्या मेसेजची. डिपॉझिट मागायला जाल तेव्हा पहिला प्रश्न तोच विचारतात.